११५ नंबरचं मूलद्रव्य आधीच सांगितलं होतं! मग बॉब लझार खरा का?

मार्च २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यात आभाळातून दगड पडला आणि एका घराच्या पत्र्याला भोक पडलं. छत्रपती संभाजीनगरच्या खगोल अभ्यासकांनी तपासून तो उल्कापाषाण असल्याचं सांगितलं. इथे कुणाच्या शब्दावर विसंबायची गरजच नव्हती. दगड समोर होता, भोक समोर होतं.

आता तुमच्या फोनवर येणारी ती रील आठवा. अमेरिकेतला बॉब लझार १९८९ मध्ये लास वेगासच्या केएलएएस टीव्हीवर आला. ‘एरिया ५१’जवळच्या एस-४ नावाच्या गुप्त तळावर मी परग्रहावरच्या यानांवर काम केलं, ती ११५ नंबरच्या मूलद्रव्यावर चालतात, असं त्याने सांगितलं. रीलचा शेवट ठरलेला: "२००३ मध्ये शास्त्रज्ञांनी ११५ बनवलं. बघा, तो खरं बोलत होता!"

ऐकायला भारी वाटतं. पण आवर्त सारणी आठवा, शाळेच्या भिंतीवर टांगलेली. १९८९ पर्यंत शास्त्रज्ञ १०९ पर्यंत पोहोचले होते. पुढे कधीतरी ११५ येणार हे भौतिकशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला माहीत होतं. म्हणजे नंबर सांगण्यात काही विशेष नाही. लझारचा खरा दावा वेगळाच होता: हे मूलद्रव्य स्थिर आहे आणि त्याचं इंधन होतं. रशियातल्या दुबना इथे जे बनलं, ज्याला २०१६ मध्ये मॉस्कोव्हियम नाव मिळालं, त्याचे अणू सेकंदभरही धड टिकत नाहीत. इंधन कसलं करणार? यावर ‘त्याच्याकडचा प्रकार वेगळा असेल’ असं उत्तर मिळतं. असेलही, पण तो कुणी दाखवलेला नाही.

शिक्षणाचंही तसंच. एमआयटी आणि कॅलटेकमध्ये शिकलो म्हणतो, दोन्हीकडे नोंद नाही. सरकारने नोंदी पुसल्या, असं समर्थक म्हणतात. ठीक आहे, नोंदी पुसता येतील, पण वर्गमित्र? आपल्या कॉलेजातला मागच्या बाकावरचा पोरगासुद्धा कुणाला तरी आठवतोच की! त्याच्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी. लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या टेलिफोन डिरेक्टरीत त्याचं नाव सापडलं, पण कंत्राटी कंपनीचा माणूस म्हणून. त्यावरून तो तिथे होता एवढंच कळतं, यानांबद्दल काहीच नाही.

डेव्हिड ग्रश याची केस जरा वजनदार आहे. तो अमेरिकी हवाई दलाचा माजी गुप्तचर अधिकारी, ही ओळख पक्की. जुलै २०२३ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर त्याने शपथेवर साक्ष दिली. फक्त एक अडचण: यानं त्याने स्वतः पाहिलेली नाहीत, चाळीसहून जास्त लोकांनी त्याला सांगितलं. पेंटागॉनच्या आरो या कार्यालयाने मार्च २०२४ च्या अहवालात अशा दाव्यांना पुरावा सापडला नसल्याचं म्हटलं. पेंटागॉननेच पेंटागॉनची चौकशी केली हा आक्षेपही रास्त आहे. पण त्या आक्षेपातून यान काही बाहेर पडत नाही.

पुढची रील आली की कमेंटमध्ये एवढंच विचारा: हे तू पाहिलंस की ऐकलंस? आणि तुकडा कुठाय?