उसाचे बिल, बँकेची खिडकी आणि मुलाचा मोबाईल



मागच्या हंगामात एका पंधरवड्याचे बिल बँकेत वर्ग झाल्यावर आठेक दिवसांनी एक सभासद आजी गट ऑफिसात आल्या. "सगळ्या गल्लीची बिलं झाली, माझंच कुठं अडकलं?" असा त्यांचा सवाल. क्लार्कने यादी काढली. बिल इतरांबरोबरच जमा झालेले होते. मग निरोप का नाही? तर खात्याला जोडलेला नंबर थोरल्या मुलाचा, आणि मुलगा पुण्याला कंपनीत. मेसेज पुण्याला गेला. बँकेचे ॲपही त्याच्याच फोनवर. त्याने त्यातून खताच्या दुकानदाराची उधारी भागवली होती, आणि आपल्या घराच्या हप्त्यालाही थोडे घेतले होते. चोरी केली असे कुणी म्हणणार नाही. आईला सांगायचे राहून गेले, एवढेच. पण शेअर आजींच्या नावचा, ऊस आजींच्या नावचा, आणि आपल्या पैशाची खबर त्यांना लागली ती आमच्या क्लार्ककडून.

म्हणून या अंकात मोबाईलवरची बँक आणि गावातली शाखा या विषयावर चार गोष्टी मांडाव्यात असे आम्हाला वाटले.

तरुण सभासद म्हणतात, शाखेत जायचंच कशाला? त्यांचे म्हणणे खोटे नाही. पासबुक भरायला जावे तर मशीन बंद, साहेब जेवायला गेलेले, आणि तोडणीची टोळी फडात उभी असताना अर्धा दिवस रांगेत मोडलेला. ज्याच्या गावापासून शाखा दहा-बारा किलोमीटरवर आहे त्याला तर जाण्यायेण्याचा खर्चही अंगावर पडतो. मोबाईलवर शिल्लक बघायला मिनिट लागत नाही, आणि ट्रॅक्टरवाल्याचे पैसे रात्री दहालाही देता येतात. यूपीआयची पद्धत २०१६ साली आली. आज चहाच्या टपरीवरही तिचा चौकोनी कागद चिकटवलेला असतो. हे आता मागे जाणार नाही.

प्रश्न येतो तो सगळेच व्यवहार मोबाईलवर न्यावेत का, असा. परदेशात एकही शाखा नसलेल्या, नुसत्या ॲपवर चालणाऱ्या बँका आहेत. आपल्या देशातही सिंगापूरच्या डीबीएस बँकेने एप्रिल २०१६ मध्ये मोबाईलवरची बँक म्हणून गाजावाजा करून सेवा सुरू केली. कागद नको, शाखा नको, असा तिचा डौल होता. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये अडचणीत आलेली लक्ष्मी विलास बँक तिच्यात विलीन झाली, आणि पाचशेहून अधिक शाखा तिच्या पदरात पडल्या. शाखा नको म्हणणाऱ्यालाही शेवटी शाखांचा संसार करावा लागला, याची आम्हाला थोडी गंमत वाटते.

दुसरा प्रकार पेमेंट बँकांचा. दुकानात अंगठा लावला की पाच मिनिटांत खाते तयार. पण या बँकांना कर्ज देण्याची परवानगी नाही, आणि दिवसअखेर खात्यात दोन लाखांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही. दोन एकर आडसाली उसाचे बिल आले तर तिथे मावायचे नाही, आणि पीक कर्जासाठी तिथे जाऊन उपयोग नाही. शिवाय अंगठा कशाला लावतोय हे विचारून घ्यावे. २०१७ साली एका पेमेंट बँकेने सिमकार्डाच्या आधार तपासणीबरोबरच लोकांची खाती उघडली, आणि बऱ्याच लोकांचे गॅसचे अनुदान त्यांच्या नकळत त्या खात्यांत जाऊन पडले. माणूस नेहमीच्या बँकेत जाऊन अनुदान आले का म्हणून विचारतोय, आणि पैसे भलतीकडेच! सरकारी अनुदान आधारला जोडलेल्या खात्यात जाते. उसाचे बिल तुम्ही कारखान्याला दिलेल्या खात्यावर येते. ही दोन खाती एकच असतील असे धरून चालू नये.

आता खिडकीची बाजू घेताना तिचेही दोष झाकू नयेत. शाखा आहे, काउंटर आहे, म्हणून पैसा बुडत नाही असे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त एक हजार रुपये काढता येत होते. शाखा उघड्या, माणसे दारात, आणि पैसे मिळेनात. बँक ॲपवरची असो की गावातली, ठेव विमा महामंडळाच्या यादीत ती आहे ना एवढे पाहावे. फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, सहकारी बँकांतही आहे. पतसंस्थेच्या आणि विकास सोसायटीच्या ठेवीला ते नाही, हे मात्र बऱ्याच सभासदांना ठाऊक नसते.

मग खिडकीचा उपयोग काय? आमच्या मते तिचा खरा उपयोग असा, की तिथे ज्याचा पैसा तोच माणूस हजर असावा लागतो. सही जुळवून बघतात. सही येत नसेल तर अंगठा आणि ओळखीचा साक्षीदार लागतो. कॅशियर ओळखीचा असला तर, "काकू, एवढी रक्कम एकदम कशाला?" असेही विचारतो. एरवी या चौकशांचा आपल्याला राग येतो. पण त्या दोन मिनिटांच्या खोळंब्यात म्हातारीचे पैसे वाचल्याचे आम्ही पाहिले आहे. मोबाईलला असले काही विचारता येत नाही. पिन बरोबर पडला की त्याच्या लेखी धनीच समोर उभा. तो पिन मुलाने दाबला, जावयाने दाबला की दुकानदाराने, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

आणि पिन सांगण्याची आपल्याकडे भारी खोड. "माझा पिन काय, माझ्या जन्माचं साल," असे चावडीवर बसून सांगणारे सभासद आम्हाला भेटलेत. एक गोष्ट घरातल्या सर्वांनी ध्यानात ठेवावी : पैसे द्यायला पिन लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. "तुमचं बिल अडकलंय, पिन टाका म्हणजे जमा होईल," असा फोन आला तर तो लबाडाचा समजावा. कारखाना असा फोन करीत नाही. फसगत झालीच तर लाजेने गप्प बसू नये. लगेच बँकेला कळवावे आणि १९३० या नंबरवर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली जो नियम घातला, त्यात खातेदाराची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर खातेदारावर बोजा नाही असे ठरले. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरात तो लागू झाला. मात्र पिन आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्याच माथी.

हे फक्त आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचे रडगाणे आहे असे कुणी समजू नये. स्पेन देशात शाखा भराभर बंद होऊ लागल्या, खिडक्यांच्या वेळा कमी झाल्या. तेव्हा २०२२ च्या सुरुवातीला कार्लोस सान हुआन नावाचे एक निवृत्त डॉक्टर पुढे आले. मी म्हातारा आहे, मूर्ख नाही, असे त्यांचे सरळ म्हणणे. सहा लाखांवर लोकांनी त्यांच्या अर्जाला पाठिंबा दिला. तिथल्या बँकांना सकाळी नऊ ते दुपारी दोनपर्यंत खिडकी चालू ठेवण्याचे कबूल करावे लागले. शिकलेल्या डॉक्टराची ही गत, मग आपण ॲप जमत नाही म्हणून मान खाली घालण्याचे कारण नाही.

आजींचे पुढे काय झाले ते सांगतो. त्यांनी स्वतःचा साधा बटनांचा फोन घेतला. मेसेज यायला स्मार्टफोन लागत नाही. खात्याला तो नंबर जोडायला त्यांना शाखेतच जावे लागले, दोन हेलपाटे झाले. मुलाकडचे ॲप बंद झाले म्हणून तो थोडा रुसला, मग निवळला. आता हप्त्याला पैसे लागले तर तो आईला फोन करतो. मेसेज आला की शेजारची नात वाचून दाखवते.

ज्या सभासदांच्या, विशेषतः भगिनींच्या, खात्याला दुसऱ्याचा नंबर जोडलेला आहे त्यांनी पुढचे बिल निघण्यापूर्वी बँकेत स्वतः जाऊन तो बदलून घ्यावा. बँकेत नंबर बदलला म्हणजे कारखान्याच्या यादीत आपोआप बदलत नाही. तेव्हा पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि नवा नंबर आपापल्या गट ऑफिसात द्यावा. येताना शक्यतो सभासदानेच यावे, मुलाला पाठवू नये.