मुंबई ते जेद्दाह : साडेतीन हजार किलोमीटरचा रोजा

रमजानमध्ये केलेल्या उमराहला मोठे पुण्य मानले जाते. त्यामुळे या महिन्यात मुंबईहून जेद्दाहला जाणाऱ्या विमानांत रोजेदार प्रवासी बरेच असतात. दोन्ही विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे आणि प्रवासाला पाच ते साडेपाच तास लागतात. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. अशा वेळी रोजेदारापुढे एक साधा पण नेमका प्रश्न येतो : इफ्तार कोणत्या वेळेला करायचा?

समजा, मार्चच्या मध्यावर विमान मुंबईहून संध्याकाळी पाचला निघाले. मुंबईत त्या दिवशी पावणेसातच्या सुमारास मगरीबची अजान होते. घरची माणसे खजूर तोंडात टाकतात, पण विमानातल्या माणसाला खिडकीबाहेर सूर्य स्वच्छ दिसत असतो. विमान पश्चिमेला, म्हणजे सूर्याच्याच दिशेने चाललेले असते. मुंबईनंतर जेद्दाहला सूर्य मावळायला सव्वादोन तास लागतात. विमान तितके वेगवान नसल्याने सूर्य शेवटी पुढे निघून जातो, पण तोवर भारतीय वेळेनुसार साडेआठ होत आलेले असतात. खाली अरबस्तानचे वाळवंट असते. रोजा जवळजवळ पावणेदोन तासांनी लांबलेला असतो.

यात उंचीचाही वाटा आहे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर क्षितिज खाली जाते आणि जमिनीवर अंधारू लागले तरी विमानातून सूर्य दहा-पंधरा मिनिटे जास्त दिसतो. उंच इमारतीतही हेच घडते. म्हणूनच २०११ मध्ये दुबईच्या मुफ्तींनी बुर्ज खलिफाच्या ८० व्या मजल्यावरच्या रहिवाशांना दोन मिनिटे आणि १५० व्या मजल्यावरच्यांना तीन मिनिटे थांबून रोजा सोडायला सांगितले होते.

उलेमांचे म्हणणे साधारण असे, की माणूस जिथे असेल तिथला सूर्यास्त त्याच्यासाठी खरा. निघालेल्या गावचे किंवा पोहोचायच्या शहराचे वेळापत्रक इथे कामाचे नाही. परतीच्या प्रवासात, पूर्वेकडे येताना, हाच नियम दिलासा देतो : दिवस आखूड होतो, इफ्तार लवकर येतो.

१९९५ पर्यंत मुंबईहून हज यात्रेकरू जहाजानेही जेद्दाहला जात. तेव्हा हाच सव्वादोन तासांचा फरक अनेक दिवसांत थोडाथोडा वाटला जाई, कोणाला जाणवतही नसे. विमानाने तो एका संध्याकाळीत आणून ठेवला.

ज्याला हे झेपणार नाही, त्याच्यासाठी कुरआनने वाट मोकळी ठेवली आहे. आजारी आणि प्रवासी माणसाने रोजा पुढे ढकलावा, राहिलेले दिवस नंतर भरून काढावेत, अशी सवलत सूरह बकरामध्ये स्पष्ट दिली आहे. म्हणून वयस्कर किंवा मधुमेह असलेल्या आई-वडिलांना उमराहला पाठवताना तिकिटावरची वेळ पाहावी, डॉक्टरांशी बोलावे आणि ही सवलत घेण्यात कमीपणा नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.