ब्रॉक–ब्रॉलिओ अदलाबदल

ब्रॉक–ब्रॉलिओ अदलाबदल हा मेजर लीग बेसबॉलमधील सेंट लुइस कार्डिनल्स आणि शिकागो कब्स या संघांमध्ये १५ जून, १९६४ रोजी झालेला खेळाडूंच्या देवाणघेवाणीचा व्यवहार होय. यात कार्डिनल्सने पिचर अर्नी ब्रॉलिओ याला देऊन बाह्यक्षेत्रातील वेगवान खेळाडू लू ब्रॉक याला मिळवले. बेसबॉलच्या इतिहासातील सर्वांत एकतर्फी ठरलेल्या व्यवहारांमध्ये याची गणना होते.

पार्श्वभूमी

कार्डिनल्सचा प्रमुख फलंदाज स्टॅन म्यूझियल १९६३च्या हंगामाअखेर निवृत्त झाला व संघातील डाव्या बाह्यक्षेत्राची जागा रिकामी झाली. पुढील हंगामात १५ जूनपर्यंत संघाने २८ सामने जिंकले व ३१ गमावले होते. दहा संघांच्या नॅशनल लीगमध्ये तो आठव्या स्थानी होता. व्यवस्थापक जॉनी कीन यांना धावपट्ट्यांवर वेग हवा होता. त्या काळी १५ जून हा हंगामातील खुल्या अदलाबदलीचा अखेरचा दिवस असे.

ब्रॉलिओने १९६०मध्ये २१ आणि १९६३मध्ये १८ सामने जिंकून दिले होते. याउलट २४ वर्षांच्या ब्रॉकची १९६४मधील फलंदाजीची सरासरी ०.२५१ होती. शिकागोत तो उजव्या बाह्यक्षेत्रात खेळे आणि त्याचे क्षेत्ररक्षण सदोष मानले जाई.

व्यवहार

कार्डिनल्सचे महाव्यवस्थापक बिंग डिव्हाइन यांनी ब्रॉलिओसोबत पिचर बॉबी शँट्झ व बाह्यक्षेत्ररक्षक डग क्लेमेन्स यांना शिकागोला पाठवले. त्या बदल्यात त्यांना ब्रॉक आणि जॅक स्प्रिंग व पॉल टॉथ हे दोन पिचर मिळाले. सिद्ध झालेला पिचर देऊन कच्चा खेळाडू घेतल्यामुळे कब्सचा फायदा झाला, असे त्या वेळी अनेकांचे मत होते.

परिणाम

कार्डिनल्समध्ये ब्रॉकला बेस चोरण्याची, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसकडे धाव घेण्याची, मोकळीक मिळाली. अशा धावपटूमुळे पिचरचे लक्ष विभागते आणि एका साध्या फटक्यावरही धाव निघू शकते. उर्वरित १०३ सामन्यांत ब्रॉकने ०.३४८ची सरासरी राखली व ३३ बेस चोरले.

संघाने उरलेल्या सामन्यांपैकी ६५ जिंकले व ३८ गमावले. फिलाडेल्फिया फिलीज संघाने सप्टेंबरअखेर सलग दहा सामने गमावल्याने कार्डिनल्सला संधी मिळाली आणि त्यांनी केवळ एका सामन्याच्या फरकाने लीगचे विजेतेपद मिळवले. त्यानंतर वर्ल्ड सिरीजमध्ये त्यांनी न्यू यॉर्क यांकीजचा ४–३ असा पराभव केला. मात्र डिव्हाइन यांना हे यश पदावरून पाहता आले नाही. ऑगस्टमध्येच त्यांना काढून टाकण्यात आले होते.

ब्रॉलिओच्या कोपरावर त्याच वर्षी हंगामानंतर शस्त्रक्रिया झाली. कब्सकडून तीन हंगामांत त्याने सात सामने जिंकले व १९ गमावले. १९६६नंतर तो मेजर लीगमध्ये खेळला नाही.

मूल्यमापन

या व्यवहारातून कार्डिनल्सला वेग मिळाला, पण उत्तम क्षेत्ररक्षण मिळाले नाही. पुढेही अनेक हंगामांत नॅशनल लीगच्या बाह्यक्षेत्ररक्षकांमध्ये ब्रॉकच्या चुका सर्वाधिक होत्या. मध्य बाह्यक्षेत्रात कर्ट फ्लडसारखा निपुण क्षेत्ररक्षक असल्याने संघाला ही उणीव सोसता आली.

ब्रॉकने १९७४मध्ये ११८ बेस चोरले, तर संपूर्ण कारकिर्दीत ९३८ बेस चोरले आणि ३,०२३ हिट्स मिळवल्या. १९८५मध्ये त्याचा बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. अमेरिकेत ‘ब्रॉकसाठी ब्रॉलिओ’ हा शब्दप्रयोग आजही फसलेल्या सौद्यासाठी वापरला जातो. तथापि दुखावलेल्या कोपरामुळे ब्रॉलिओची कारकीर्द अकाली संपली, ही बाब त्या शब्दप्रयोगात झाकली जाते.