जुन्या टी-शर्टांची वाकळ : आखणी व शिवण

कोल्हापूर जिल्ह्यात गोधडीला वाकळ म्हणतात. सुगी आटोपून ऊन तापू लागले, की जुनी लुगडी व धोतरे धुऊन वाकळा शिवावयास घ्यावयाच्या, ही येथील जुनी वहिवाट. आता घरच्या गाठोड्यात लुगडी कमी आणि टी-शर्ट अधिक निघतात. खताच्या जाहिरातीचा, शाळेच्या क्रीडास्पर्धेचा किंवा तालमीच्या फुटबॉल संघाचा एखादा टी-शर्ट नाही, असे घर विरळाच. त्यांची वाकळ चांगली होते; परंतु ती लुगड्याच्या रीतीने शिवली, तर धुण्यात लोंबते, मध्ये फुगवटे येतात आणि गृहिणीचे कित्येक दिवसांचे श्रम वाया जातात.

याचे कारण कापडाच्या विणीत आहे. लुगडे उभ्या-आडव्या धाग्यांनी मागावर विणलेले असल्यामुळे फारसे ताणत नाही. टी-शर्टचे कापड पायमोज्याप्रमाणे फाशात फासा अडकवून विणतात. ते ताणते, त्यातही आडवे अधिक. म्हणून अशा वाकळेत लुगड्याचे पदर घालणे अगत्याचे आहे.

कात्री लावण्यापूर्वी हिशेब करावा. मोठ्या माणसाच्या एका टी-शर्टमधून पुढचा व मागचा असे ४२ सेंटिमीटरचे दोन चौकोन निघतात. शिवणीत प्रत्येकाचे २ सेंटिमीटर जातात. रुंदीत चार व लांबीत पाच असे २० चौकोन जोडले, की १६० × २०० सेंटिमीटरचा वरचा पदर होतो. त्यास दहा टी-शर्ट पुरतात. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर भरते. त्याचे चार सारखे पट्टे पाडून दोन-दोन जोडल्यास खालचा व मधला असे दोन्ही पदर निघतात. विरलेला भाग मधल्या पदरात घ्यावा.

कापड आधी धुऊन घ्यावे, म्हणजे आटावयाचे ते आटून जाते. प्रत्येक चौकोनावर खडूने उभी दिशा दाखवावी व सर्व चौकोन त्याच दिशेने मांडावेत. मांडणी जमिनीवर करून, उभे राहून दुरून पाहावी. गडद रंग एका कोपऱ्यात गोळा झाले असल्यास ते तेव्हाच ध्यानात येते. जाड रबरी छपाईतून सुई जाता जात नाही. असे चित्र मध्यावर ठेवून टाके त्याच्या कडेने फिरवावेत.

खेळाचे झुळझुळीत टी-शर्ट बहुधा पॉलिएस्टरचे असतात. शंका असल्यास काठाचा एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुताची राख होते व जळक्या कागदासारखा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गुठळी होते. चुलीजवळ किंवा शेकोटीपाशी पांघरावयाच्या वाकळेत हे कापड घालू नये. ठिणगी पडल्यास ते वितळून अंगाला चिकटते.

कडेने सुरुवात करून फिरत आत येण्याची रीत लुगड्याला सोसते, टी-शर्टला सोसत नाही. तीनही पदर सारखे पसरून प्रथम मध्यापासून कडांकडे लांब कच्चे टाके घालावेत व नंतर त्याच क्रमाने दोन-दोन बोटांच्या अंतरावर धावदोरा घालावा. दोरा ओढून धरू नये.

ऊब वाढविण्यासाठी पदरांवर पदर चढविण्याचा मोह होतो. पंचगंगेच्या २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर नदीकाठच्या गावांत भिजलेली अंथरुणे वाळविण्याचे काम बायकांच्याच वाट्याला आले. जाड वाकळ भिजली की एकटीला पिळता येत नाही, आणि पावसाळी हवेत आतून ओली राहून कुबट होते. तीन पदरांच्या दोन वाकळा एकावर एक पांघरता येतात व निरनिराळ्या वाळतात.