चिखल वाळला की इंजिन तापतं

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या जॅक्सनव्हिल गावाजवळ ‘मड नॅशनल्स’ नावाचा मेळावा कित्येक वर्षं भरत आला आहे. लोक लांबलांबून ट्रेलरवर चढवून एटीव्ही आणतात आणि फूटरेस्ट बुडून वर येईल इतक्या खोल चिखलात मुद्दाम घालतात. लोणावळा-पाचगणीला पर्यटकांना चक्कर मारून आणणारी, रुंद टायरांची आणि मोटारसायकलसारख्या हँडलची चारचाकी आपण पाहिलेली असते. एटीव्ही ही त्याच जातीची, पण तिकडच्या दांडग्या गाड्यांची इंजिनं आठशे-हजार सीसीची आणि कूलंटने थंड होणारी असतात.

चिखलातून गाडी सुखरूप बाहेर निघाली की नवख्या चालकाला हायसं वाटतं. तापमानाचा लाल दिवा मात्र पुष्कळदा त्यानंतर लागतो. परतीच्या कोरड्या वाटेवर लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी साध्या चढावर. हे का होतं ते समजून घेतलं, तर महागडं इंजिन वाचवण्याचा उपाय जवळपास फुकटात मिळतो.

पेट्रोल इंजिनात जळलेल्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने २५ ते ३० टक्केच चाकं फिरवण्याच्या कामी येते. जवळपास तेवढीच कूलंटमध्ये उतरते आणि बाकीची बरीचशी धुरावाटे जाते. म्हणजे इंजिन १५ किलोवॉट, अर्थात २० अश्वशक्तीचं काम करत असेल, तर रेडिएटरलाही साधारण १५ किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. चिखलात ही वेळ फार लवकर येते. डांबरी रस्त्यावर चाक लोटायला वजनाच्या एक-दीड टक्का जोर पुरतो, चिखलात तोच वीस टक्क्यांच्याही वर जाऊ शकतो. गाडी आणि चालक मिळून ४३० किलो धरले, तर सहा किलोचा जोर लागायचा तिथे ऐंशी-शंभर किलोचा लागतो. शिवाय वेग चालण्याइतकाच, त्यामुळे समोरून वारा लागत नाही. सगळा भार एकट्या पंख्यावर येतो.

आता रेडिएटर जवळून पाहू. चपट्या नळ्यांच्या रांगा आणि त्यांच्यामध्ये नागमोडी दुमडलेली ॲल्युमिनियमची पाती. पात्याची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, दोन पात्यांमधली फट जेमतेम एक-दीड मिलिमीटर. नळीतली उष्णता पात्यात येते आणि फटीतून जाणारी हवा ती घेऊन जाते. १५ किलोवॉट उष्णता न्यायची आणि हवा ४० अंशांनी तापू द्यायची म्हटलं, तर या फटींमधून सेकंदाला साडेतीनशे लिटरच्या आसपास हवा गेली पाहिजे. बहुतेक एटीव्हींचा रेडिएटर पुढच्या चाकांच्या मधे, बंपरच्या मागे असतो. चिखल उडतो तो नेमका तिथेच.

तरी गाडी लगेच तापत नाही, कारण ओला चिखल थोडा वेळ मदतच करतो. माठातलं पाणी गार होतं तेच इथे घडतं, बाष्पीभवन उष्णता ओढून घेतं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. पात्यांमधल्या चिखलात अर्धा लिटर पाणी आहे असं धरा. १५ किलोवॉट उष्णता केवळ या वाटेने जायची म्हटली, तर ते पाणी सव्वा मिनिटात संपेल. इंजिन हळू चाललं आणि थोडी हवा खेळत राहिली, तर आणखी काही मिनिटं. वरून नवा ओला चिखल येत असेतो चालकाला काही जाणवत नाही. कोरड्या वाटेवर आलं की तो ओघ थांबतो आणि फटीत उरते ती भाजून घट्ट झालेली माती. ॲल्युमिनियमच्या मानाने कोरडी माती उष्णतेची फारच वाईट वाहक, शेकडो पटींनी वाईट. पण खरं नुकसान हवेची वाट बुजल्यामुळे होतं. पंखा फिरत असतो, त्याचा आवाजही येतो, पण हवा पलीकडे जात नाही.

माती कोणती, यानेही फरक पडतो. चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनहून बारीक आणि पत्र्यासारखे चपटे असतात. पाण्याच्या पातळ थराने ते एकमेकांना आणि धातूला धरून ठेवतात. टेक्सासच्या ब्लॅकलँड प्रेअरी पट्ट्यातली ‘ह्यूस्टन ब्लॅक’ माती आणि आपल्या दख्खनची काळी माती या दोन्ही शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणात व्हर्टिसॉल गटात येतात. भिजली की फुगणारी, वाळली की आक्रसून भेगाळणारी. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही माती फाळावर कशी बसते ते सांगावं लागत नाही. रेडिएटरमध्ये ती वाळली की भेगा वरवर दिसतात, आतला खडा फटीत घट्टच राहतो.

म्हणून रेडिएटर धुवायचा तो चिखल ओला असताना, त्याच दिवशी. आधी इंजिन थंड होऊ द्यायचं. मग पंख्याच्या बाजूने, म्हणजे हवा जाते त्याच्या उलट दिशेने, बागेच्या नळीचं साधं पाणी सोडायचं. पुढून पाणी मारलं तर माती आणखी आत ठासली जाते, आणि सर्व्हिस सेंटरमधल्या जोरदार फवाऱ्याने ०.१ मिलिमीटरची पाती आडवी होतात. आडव्या पात्यांमधून हवा जात नाही. माती वाळलीच असेल तर भिजवून ठेवायची आणि पुन्हा धुवायची. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये, नळीला भोक पडतं. वरून चकचकीत दिसणाऱ्या रेडिएटरवर माझा तरी विश्वास नाही. पंख्याच्या बाजूने टॉर्च धरून पुढून पाहावं. जिथून उजेड येत नाही, तिथून हवाही जात नाही. पंखा हाताने मोकळा फिरतो का, हेही तेव्हाच बघून घ्यावं.

सतत चिखलातच जाणारे लोक रेडिएटर उचलून हँडलच्या पुढच्या कॅरियरवर बसवतात. कॅन-ॲमसारख्या कंपन्या चिखलासाठी खास बनवलेल्या मॉडेलमध्ये तो कारखान्यातूनच वर देतात. उपाय उत्तम आहे, पण गरम हवा चालकाच्या अंगावर येते. शिवाय घरी बदल करताना कूलंट भरायचं तोंड सगळ्यात उंच राहिलं नाही, तर नळ्यांत हवा अडकते आणि रेडिएटर स्वच्छ असूनही इंजिन तापतं.

कोकणात आणि मावळात भाताच्या चिखलणीला उतरणाऱ्या ट्रॅक्टरलाही हे सगळं लागू आहे. तिथे मातीबरोबर गवत आणि पेंढ्याचा चुराही रेडिएटरवर बसतो. चाकं आणि अवजार धुतलं की काम झालं असं समजू नये. बॉनेट उघडून रेडिएटरची जाळीही धुवावी.

आणि वाटेतच लाल दिवा लागला तर? ॲक्सिलरेटर सोडून गाडी सावलीत उभी करावी. पंखा फिरत असेल आणि कूलंट गळत नसेल, तर इंजिन मिनिटभर रिकामं चालू ठेवणं बरं. एकदम बंद केलं की कूलंटचा पंप थांबतो आणि इंजिनाच्या हेडमधली उष्णता जागच्या जागी साचून तापमान आणखी चढतं. वाफ निघत असेल तर मात्र तत्काळ बंद करावं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. पाणी आणि ग्लायकॉलचं निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, झाकणाच्या दाबाखाली १२५ अंशांपुढेही द्रवच राहतं. झाकण सैल झालं की दाब उतरतो आणि ते एका क्षणात उकळून तोंडावर उडतं. रेडिएटरला हात लावून धरवेल इतका तो निवला, की मगच झाकण उघडावं.