लेकीला सुट्टीत काम हवंय?

मैत्रिणींनो, लेकीची परीक्षा संपली की कामाचं बघू, असं आपण म्हणतो. तोवर जागा भरलेल्या असतात. तासगावकडं बेदाण्याचा आणि सांगलीत हळदीचा हंगाम फेब्रुवारीतच सुरू झालेला असतो. महाबळेश्वर-पाचगणीला एप्रिल-मेमध्ये गर्दी, म्हणजे हॉटेल-दुकानांत मार्चमध्येच विचारायला हवं. आम्ही आधी गटातल्या बायकांना विचारतो; कुणाची तरी जाऊ नाहीतर नणंद तिथं कामाला असतेच. मजुरी रोजानं की किलोवर, परतीची एसटी किती वाजता, हे ठरवूनच लेकीला पाठवा. नोंदणीचे पैसे मागितले की परत फिरा. कुणी नावं ठेवलीच, तर साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हणतच मुलं शिकवली, हे सांगा. मजुरी मात्र लेकीच्याच खात्यावर घ्या. जूनमध्ये फी भरायची असते.