नव्या घराच्या काचा पुसताना

नवे घर बांधून होते, वास्तुशांतीची तिथी ठरते, पत्रिका वाटून होतात आणि शेवटच्या आठ-दहा दिवसांत घरात एकच घाई उडते. गवंडी दुसऱ्या कामावर गेलेला असतो, पेंटरचा शेवटचा हात चाललेला असतो. तेव्हा कुठे खिडक्यांकडे लक्ष जाते. काचांवर सिमेंटचे शिंतोडे, चुन्याचे ओघळ, रंगाचे थेंब आणि चिकटपट्टीचा डिंक यांचा थर बसलेला असतो. पुण्या-मुंबईत या सफाईसाठी स्वतंत्र कंपन्या आहेत, त्यांची माणसे गॉगल, हातमोजे घालून येतात. आपल्याकडे हे काम पेंटरच्या हाताखालचा पोरगा, बांधकामावरच्या वॉचमनची बायको किंवा घरातल्याच लेकी-सुना करतात. हातात ब्लेड, जुने फडके आणि ॲसिडची बाटली.

याचा आरोग्याच्या सदराशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध डोळ्यांशी आहे. नव्या घराच्या कामावरून डोळा धरून दवाखान्यात आलेले रुग्ण मी दर वर्षी पाहतो आणि त्यातल्या काहींची नजर वाचली नाही.

लोकांना भीती असते ती ॲसिडची. ती योग्यच आहे. पण चुन्याची भीती कोणालाच वाटत नाही. ‘चुना काय, पानात खातो तो!’ असे मला अनेकांनी सांगितले आहे. पानाला बोटाने लावलेला चुना वेगळा आणि डोळ्यात उडालेला वेगळा. सिमेंट ओले झाले की त्यातही चुनाच सुटतो. आम्लता मोजण्याच्या पट्टीवर शुद्ध पाणी ७ वर असते. ओले सिमेंट १२ ते १३ वर, म्हणजे आम्लाच्या अगदी उलट टोकाला. ॲसिड डोळ्याला लागले की वरच्या थरातील प्रथिने गोठतात आणि त्या गोठलेल्या थरामुळे ॲसिडला आत शिरायला थोडा अटकाव होतो. चुना मात्र पेशींवरच्या स्निग्ध आवरणाचा अक्षरशः साबण करतो आणि आत आत शिरत राहतो. वरून दुखणे कमी झाले तरी आतले जळणे चालूच असते. म्हणून चुन्याची इजा ॲसिडपेक्षाही वाईट ठरू शकते.

काच खरवडताना नेमके काय होते? खिडकीच्या वरच्या भागावरचा डाग काढायला माणूस मान वर करतो, डोळे उघडे असतात आणि ब्लेडखालून सुटलेला खडा सरळ खाली येतो. तो वरच्या पापणीच्या आत जाऊन बसला, की अश्रूंनी भिजून तिथेच झिरपत राहतो. शेजारच्या तालुक्यातला वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा असाच आला होता. खडा सकाळी गेला होता. बरोबरच्यांनी आधी एरंडेल घातले, मग कोणीतरी तूप सांगितले, आणि काम संपल्यावर संध्याकाळी त्याला आणले. पापणी उलटवून पाहिली तर खाली पांढरा गोळा तसाच होता. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी उपचार झाले, पण त्या डोळ्यात फूल पडले ते पडलेच. अशा डोळ्यात बुबुळाच्या कडेच्या मूळ पेशी जळलेल्या असल्या, तर नेत्रदानातून मिळालेले बुबुळ बसवूनही ते टिकण्याची खात्री देता येत नाही.

डोळ्यात चुना, सिमेंट किंवा ॲसिड गेले तर औषध एकच, पाणी. तेही ताबडतोब, जागेवरच आणि भरपूर. दवाखाना पाच मिनिटांवर असला तरी आधी पाणी. पापणीवर किंवा गालावर कोरडी पूड दिसत असेल तर ती स्वच्छ फडक्याने झटकन टिपावी आणि लगेच धुण्यास सुरुवात करावी. दुखऱ्या डोळ्याची बाजू खाली येईल अशी मान कलती करावी, म्हणजे वाहणारे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. रुग्ण डोळा गच्च मिटून घेतो, म्हणून दुसऱ्याने पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात आणि तांब्याने नाकाकडून कानाकडे संथ धार सोडावी. घड्याळ लावून किमान २० ते ३० मिनिटे. दोन हबके मारून ‘धुतला’ म्हणणे कामाचे नाही. दवाखान्यात नेतानाही रिक्षात बाटलीने धार चालू ठेवावी.

इथे एक शंका हमखास येते. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो उकळतो, मग डोळ्यात पाणी कसे घालायचे? शंका चुकीची नाही. पण डोळा मुळातच ओला असतो, चुना त्यात आधीच भिजलेला असतो. थोडे पाणी घातले तर उष्णता तिथेच राहते; भरपूर पाणी घातले तर उष्णता आणि चुना दोन्ही वाहून जातात.

चुन्यावर उतारा म्हणून लिंबू आणि ॲसिडवर उतारा म्हणून खायचा सोडा डोळ्यात कधीही घालू नये. तूप, मध, दूध, घरात उरलेले थेंब यांपैकी काहीही नको. आणि डोळा लाल दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. जबर भाजलेल्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्याच जळालेल्या असतात, त्यामुळे तो उलट पांढराफटक दिसतो.

नव्या घरात नळ जोडलेला नसतो, ही यातली खरी अडचण. गवंड्याने थापी आणि घमेली धुतलेल्या पिंपात पाणी असते खरे, पण ते चुन्याचेच पाणी, त्याने डोळा धुऊ नये. काम सुरू करण्यापूर्वी पिण्याच्या पाण्याच्या दोन भरलेल्या, झाकलेल्या बादल्या आणि एक तांब्या जवळ ठेवावा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, बाजूने बंद असलेला गॉगल कामगाराला आपण स्वतः घेऊन द्यावा. साधा चष्मा पुरत नाही.

काचेला ॲसिड मुळात लावूच नये. फरशीवाला वापरतो ते हायड्रोक्लोरिक ॲसिड ॲल्युमिनियमची चौकट खाते, खालच्या कडाप्प्यावर डाग पाडते, आणि त्याच्या वाफांनी दमेकऱ्याला धाप लागते. डाग निघत नाही म्हणून त्यात ब्लीचिंग पावडर मिसळणारे महाभाग आहेत. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला तोच. तो हवेपेक्षा जड, बंद खोलीत खाली साचतो, आणि फुफ्फुसात पाणी होण्याचा त्रास कधी कधी काही तासांनी दिसतो. असा वास आल्यास काम टाकून बाहेर पडावे, खोकला थांबत नसेल तर दवाखाना गाठावा. उरलेले ॲसिड पाण्याच्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवण्याची पद्धत तर फारच घातक. लहान मुले ती बाटली तोंडाला लावतात. तसे झाल्यास उलटी करवू नये, तोंड धुवावे आणि थेट मोठे रुग्णालय गाठावे.

मग काच साफ कशी करायची? खिडकीच्या खाचेतली धूळ आधी ओल्या फडक्याने काढावी. कोरडी झाडल्यास वाळूची बारीक पूड छातीत जाते. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट काचेवर अर्धा तास चिकटवून ठेवावे. बरेचसे डाग मऊ पडतात. उरलेले ओल्या काचेवरच, ब्लेड आडवे धरून एकाच दिशेने सरकवत काढावे. ओला डाग उडत नाही, हा यातला मोठा फायदा. मान वर करून खरवडू नये, स्टुलावर चढून डाग डोळ्यांच्या समोर आणावा.

बाहेरची बाजू हा वेगळा विषय आहे. छज्जावर उभे राहून काच पुसणे मला कोणत्याही मजल्यावर मान्य नाही. सरकत्या खिडकीची झडप बहुधा उचलून आत काढता येते, ती आत घेऊनच धुवावी. तसे होत नसेल तर लांब दांड्याचा वायपर वापरावा, नाहीतर पेंटरची परांची उतरण्यापूर्वीच बाहेरच्या काचा उरकून घ्याव्यात. कोणी पडलेच, तर हातपाय धरून उचलू नये, पाणी पाजू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत मान-पाठ न हलवता आहे तिथेच निजवून ठेवावे.